यादी कुणी केली?

जुलै लागला की आपल्या फोनवर एक ठरलेला मेसेज येतो. वर धबधब्याचा फोटो, मधे ‘ट्रेक विथ अ कॉज’ अशी ठळक ओळ आणि खाली खर्चाची फोड : बस, चहा-नाश्ता, गावात जेवण, ग्रुपचा टी-शर्ट आणि पायथ्याच्या शाळेतल्या मुलांसाठी वह्या-खाऊ. आपण अंगठा दाखवतो, ‘मी येणार’ असं लिहितो आणि रेनकोट शोधायला लागतो.

यात वाईट काय? काहीच नाही, हे आधीच म्हणून टाकते. भटकायला जाताना पाठपिशवीत दुसऱ्यासाठी चार वस्तू घ्याव्याशा वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्या पिढीला कुणाचं काही पडलेलं नाही असं म्हणणाऱ्या काकांना हा मेसेज खुशाल फॉरवर्ड करा. पण तो वाचताना एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही : शाळेला काय द्यायचं, ही यादी कुणी केली? शाळेनं, की टी-शर्टचा रंग ठरवणाऱ्या आपल्याच मित्रानं?

बहुतेक वेळा उत्तर दुसरंच असतं. मग काय होतं बघा.

आपण निघतो शनिवारी रात्री आणि गडाखाली पोचतो रविवारी पहाटे. रविवारी शाळा बंद. म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी शाळा उघडायची, मुलांना घराघरांतून बोलवायचं, रांगेत बसवायचं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या गुरुजींनी किंवा बाईंनी सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढायची. आपण गड उतरून येईपर्यंत दुपारचे तीन वाजतात. तोवर मुलं थांबलेली. मग दहा मिनिटांत वाटप, पाच मिनिटांत ग्रुप फोटो, आणि बस सुटायची घाई, कारण पुढं ट्रॅफिक लागणार असतं.

कॉलेजचे ग्रुप कधी कधी चालू दिवशी जातात. ते तर आणखी महागात पडतं. शिक्षणहक्क कायद्याचा निकष असा, की प्राथमिक शाळेचा पट साठपर्यंत असेल तर शिक्षक दोन. म्हणजे पहिली ते चौथी किंवा पाचवीचे सगळे वर्ग दोन माणसं सांभाळतात. त्यातला एक आपल्या स्वागताला उभा राहिला, की शाळेचं निम्मं शिकवणं त्या वेळापुरतं थांबलं. आपल्या धाकट्या बहिणीच्या शाळेत मंगळवारी सकाळी अकरा वाजता चाळीस अनोळखी माणसं शिरली, त्यांनी वर्ग थांबवला, तिला रांगेत उभं केलं आणि तिचा व्हिडिओ काढला, तर आपली आई शाळेत जाऊन काय बोलेल? पायथ्याच्या गावातली आई काही बोलत नाही, एवढाच फरक.

आता वह्यांचं. ‘वह्या’ म्हणून आपण जे घेतो ते बहुतेक दुकानात स्वस्तात मिळणारे दोनशे पानी एकेरी रेघेचे गठ्ठे असतात. पण पहिली-दुसरीच्या मुलाला हवी दुरेघी. गणिताला चौकटीची. इंग्रजी लिहायला शिकताना चाररेघी. चित्रकलेला कोरी. अजून अक्षर गिरवणाऱ्या मुलाला एकेरी रेघेची मोठी वही दिली तर तो तिची विमानं करतो, आणि त्याचं काही चुकत नाही. कंपासपेटीचंही तेच. ती लागते वरच्या वर्गात आणि आपण वाटतो पहिलीपासून सगळ्यांना. त्यातला कर्कटक पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी हातात घुसतो.

शिवाय सगळ्यांचं एकदमच सुचतं. जून ते पंधरा ऑगस्ट. कधी ट्रेक ग्रुप, कधी रोटरीसारखे क्लब, कधी एखादी कंपनी, कधी वाढदिवसवाला नगरसेवक. रस्त्याला लागून असलेल्या, ज्यांच्या डोक्यावर प्रसिद्ध किल्ला आहे अशा शाळांत रंगपेट्यांचे ढीग होतात. तिथून दोन डोंगर आत, जिथं बघण्यासारखं ‘स्पॉट’ काही नाही, त्या शाळेत कुणी फिरकत नाही. आणि जानेवारीत, जेव्हा जूनच्या वह्या भरलेल्या असतात, तेव्हा तर कुठंच कुणी जात नाही. मदत गरजेच्या वाटेनं जात नाही, धबधब्याच्या वाटेनं जाते.

सरकार काय देतं हेही आपल्याला माहीत असायला हवं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, गणवेश योजनेतून मिळतो, दुपारी पोषण आहार मिळतो. वेळेवर आणि नीट मिळतो का, हा भांडण्याचा विषय जरूर आहे. पण भांडायचं सरकारशी. वह्या मात्र घरच्यांनाच घ्याव्या लागतात. तो खर्च कमी व्हावा म्हणून राज्यानं २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घालून पाहिली आणि पुढं तो प्रयोग गुंडाळला. तेव्हा वही ही खरी गरज आहे, नाही असं नाही. फक्त कुठली, किती आणि कधी, हे त्या शाळेतल्या बाईंना माहीत असतं. आपल्याला नाही.

बोर्डीच्या किनाऱ्यावरून टेकडीवर

मुंबईकडच्या वाचकांपैकी बरेच जण बोर्डीला गेले असतील. डहाणूच्या पुढचा लांबच लांब किनारा, सुरूची झाडं, घोलवडचे चिकू. शनिवारी जायचं, रविवारी यायचं. तिथून जवळच कोसबादची टेकडी आहे. आपल्यातले फार थोडे तिकडे वळतात. खरं तर भटकंती आणि शिक्षणकार्य यांची सांगड कशी घालायची, हे शिकायला महाराष्ट्रात याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही.

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. दोघी बाहेरच्याच. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेलं, माँटेसरी पद्धत कोळून प्यायलेली. दोघींनी सुरुवातीला शाळा काढली आणि लक्षात आलं, की वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येतच नाहीत. अशा वेळी आपण काय केलं असतं? खाऊ वाटला असता. त्या दोघींनी शाळा उचलून पाड्यावर नेली. घरापुढच्या अंगणात, झाडाखाली, मुलं असतील तिथं. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण इतक्यांदा ऐकतो, की त्यातलं अंगण दिसेनासं झालंय. ते या पाड्यांवरचं अंगण आहे. १९७५ साली केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि पुढं तो शब्द देशभर गेला.

माँटेसरीचं साहित्य महाग. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं वापरली. मोजायला चिंचोके मिळत असतील तर प्लॅस्टिकचे मणी कशाला? पुढं काम कोसबादला गेलं. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा येत नाही, तर शाळा गुरांमागं कुरणात गेली. ती कुरणशाळा. मुली येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंडं असतं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. भावंडाला पाळण्यात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं. त्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो त्यांचा क्रम. आधी मूल का येत नाही ते बघितलं, मग काय द्यायचं ते ठरवलं. ‘या मुलांकडे काय नाही’ यापेक्षा ‘यांना काय अडवतंय’ हा प्रश्न त्यांनी विचारला. पाळणा ही काही शैक्षणिक वस्तू नव्हे. कुठल्याही देणगीच्या यादीत ती आली नसती. पण मुलीला शाळेत आणायला तीच लागत होती. (अनुताईंचं ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र मिळवा. बोर्डीच्या किनाऱ्यावर बसून वाचायला याहून योग्य पुस्तक नाही.)

या पट्ट्यात आजही काम करणाऱ्या संस्था आहेत. अनुताईंनी रमेश पानसे यांच्याबरोबर १९८२ मध्ये सुरू केलेली ‘ग्राममंगल’ डहाणू तालुक्यात ऐन्याला आहे. वाडा तालुक्यात सोनाळे इथं २००७ पासून ‘क्वेस्ट’ ही संस्था आहे. नीलेश निमकर आणि त्यांचे सहकारी तिथं शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना मुलांचं शिकणं समजून घ्यायला मदत करतात. क्वेस्टचा ‘गोष्टरंग’ हा उपक्रम तर आपल्या वयाच्या मुलामुलींनी मुद्दाम बघावा असा आहे. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांच्या पुढाकारातला. नाटक करणारे तरुण आधी शिकतात, तालमी करतात, आणि मग आश्रमशाळांमध्ये जाऊन बालसाहित्यातल्या गोष्टी सादर करतात, जेणेकरून मुलांना ती पुस्तकं हातात घ्यावीशी वाटतील. प्रवास यातही आहेच की. पण जाण्याआधी तयारी आहे, आणि जाण्याचं कारण शाळेच्या बाजूनं ठरलंय.

अशा संस्थांना आपली काय गरज? इथं थोडं कडू ऐकायची तयारी ठेवा. लहान संस्थेला वस्तूंपेक्षा पैसे लागतात, आणि तेही रोजच्या, न दिसणाऱ्या खर्चासाठी. पाड्यावर जाणाऱ्या ताईचं मानधन. तिच्या दुचाकीचं पेट्रोल. प्रशिक्षणाच्या दिवशी जेवण. फोटोकॉपी. वीजबिल. ‘आमच्या नावाची पाटी लागेल का’ असं विचारणाऱ्या देणगीदाराला यातलं काहीच रुचत नाही. कारण पेट्रोलवर पाटी कशी लावणार?

पंचवीस जणांचा हिशेब

समजा पंचवीस जण ट्रेकला निघालेत. टी-शर्ट तीनशेचा. झाले साडेसात हजार. शाळेसाठी प्रत्येकी शंभर काढले, म्हणजे अडीच हजार. मदतीची जाहिरात करणारा शर्ट मदतीच्या तिप्पट महाग. हा हिशेब मी गंमत म्हणून मांडला आणि मग फारशी गंमत वाटेना.

आता तेच शंभर रुपये पंचवीस जणांनी एकदाच न देता दर महिन्याला दिले तर वर्षाचे तीस हजार होतात. महिन्याला अडीच हजार. गावातल्याच बारावी झालेल्या मुलीला संध्याकाळी दोन तास मुलांना वाचून दाखवायला, त्यांच्याकडून वाचून घ्यायला एखादी संस्था मानधन देणार असेल, तर त्याला या रकमेचा खरा हातभार लागतो. शंभर रुपये म्हणजे कॉलेजबाहेरच्या कॅफेतली अर्धी कॉफी. पण नियमितपणे द्यायचे, हे अवघड आहे, कबूल. त्यासाठी ग्रुपमध्ये एक चिवट माणूस लागतो, जो दर महिन्याच्या पाच तारखेला सगळ्यांच्या मागं लागेल. असा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. बिल वाटून घेताना आपण त्याच्यावरच वैतागतो.

पैसे देताना लाजू नका, चौकशी करा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी क्रमांक विचारा, मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा, रक्कम संस्थेच्या खात्यावरच भरा आणि पावती घ्या. प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. ट्रेक काढणाऱ्यानं ‘सामाजिक उपक्रम’ म्हणून जादा शंभर रुपये घेतले असतील, तर ती पावती त्यालाही मागा. आपले शंभर रुपये कुठल्या शाळेत, कुठल्या रूपानं पोचले, एवढं विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

एक आक्षेप हमखास येतो. मग जायचंच कशाला? बसभाड्याचे पैसेही संस्थेलाच पाठवून द्या ना! मला हे पटत नाही. न बघितलेल्या ठिकाणाशी आपलं नातं फार टिकत नाही. जव्हारचा दाभोसा धबधबा बघून परतताना रस्त्यात एसटीची वाट बघत उभी असलेली आश्रमशाळेची मुलं दिसली, तर ‘आश्रमशाळा’ हा शब्द बातमीत वाचताना पुढच्या वेळी डोळे थांबतात. जा, जरूर जा. फक्त जाण्याचा पैसाही गावात राहू दे. शहरातून पॅकबंद पोहे नेण्यापेक्षा गावातल्या घरी भाकरी सांगा, गावातलाच वाटाड्या घ्या, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. मुलांच्या आईबापाच्या हातात चार पैसे आले, तर मुलांना कुठली वही हवी ते तेच बघतील.

रील आणि मुलं

आता नाजूक विषय. फोटो.

शेंबडं नाक, विस्कटलेले केस, मोठे डोळे आणि हातात आपली चॉकलेटं. असा फोटो टाकला की लाइक्सचा पाऊस पडतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मास कॉमच्या वर्गात आम्हाला हे शिकवावं लागत नाही, ते आम्ही आधीच शिकून आलेले असतो. पण त्या मुलाचं काय? दहा वर्षांनी तेच मूल तालुक्याच्या कॉलेजात असेल, त्याच्याही हातात फोन असेल. तेव्हा आपलाच तो ‘गरीब बिचारा’ फोटो कुणाच्या तरी पानावर सापडला, तर त्याला कसं वाटेल? फोटो काढायचाच असेल तर पालकांना किंवा शिक्षकांना विचारा, आणि नाही म्हटलं तर नाही. बालगृहातल्या मुलांबाबत तर प्रश्नच येत नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही, फोटोसुद्धा, माध्यमांतून उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मनाई केलेली आहे.

सहल आणि सेवा यांचं लग्न चुकलं तर किती चुकतं, याचा धडा कंबोडियात आहे. अंगकोर वाटची देवळं बघायला तिथं जगभरातून माणसं येतात. देवळं बघून झाली की ‘थोडं चांगलं काम’ म्हणून अनाथालय बघायला जाण्याची प्रथा पडली. मुलं नाचून दाखवायची, पाहुणे देणगी द्यायचे. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथालयांची संख्या सुमारे पाऊणपटीनं वाढली. अनाथ मुलं वाढली होती म्हणून नव्हे. या संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. देणगीदार येत होते, म्हणून त्यांना दाखवायला मुलं लागत होती. शेवटी तिथल्याच संस्थांना ‘मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हेत’ अशी मोहीम काढावी लागली.

आपलं तसं नाही, असं म्हणून लगेच मोकळे होऊ नका. प्रमाण वेगळं आहे, मान्य. पण प्रसिद्ध ट्रेकच्या वाटेवर गाडी थांबली की मुलं धावत येऊन ‘चॉकलेट, चॉकलेट’ म्हणून हात पुढं करतात, हे कुणी कुणी बघितलंय? ते हात पुढं करायला घरात कुणी शिकवलेलं नाही. आपल्या आधी येऊन गेलेल्या गाड्यांनी शिकवलंय. म्हणूनच वाटेत मुलांच्या हातात काहीही देऊ नये, असं मला अगदी ठाम वाटतं. द्यायचं ते शाळेत, शिक्षकांच्या हातात. मुलांना ते बाईंकडून मिळू दे, आपल्याकडून नको. आपल्याला थोडं कमी छान वाटेल. चालेल.

परत जाणारे

मग कॉलेजातल्या मुलांनी करण्यासारखं नेमकं काय? माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आपल्या कॉलेजातच आहे : राष्ट्रीय सेवा योजना. २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालेली. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. आपण तिच्याकडं गुणांसाठी आणि शेकोटीसाठी बघतो. पण तिच्यात एक गोष्ट फार चांगली आहे. कॉलेज एकच गाव ठरवतं आणि वर्षानुवर्षं तिथंच जाऊ शकतं. ट्रेक ग्रुपला हे जमत नाही, कारण त्याला दर रविवारी नवा किल्ला लागतो. दुर्दैवानं ‘दत्तक गाव’ म्हटलं की बऱ्याचदा वेशीवर पाटी लागते आणि दत्तकविधान तिथंच संपतं. एक साधी गोष्ट करून बघा. यंदाच्या तुकडीनं शाळेत काय केलं, कुठलं मूल कुठवर वाचायला लागलं, काय द्यायचं कबूल केलं, हे एका वहीत लिहा आणि ती वही पुढच्या वर्षीच्या तुकडीला द्या. (एकेरी रेघेची चालेल.)

जास्त वेळ देता येत असेल तर मेळघाट आहे. चिखलदऱ्याला सहलीला जाणारे खूप. त्याच डोंगरांतल्या कोरकू गावांमध्ये पुण्याची ‘मैत्री’ ही संस्था अनेक वर्षं काम करते. पावसाळ्यातले बालमृत्यू रोखण्यासाठी १९९७ मध्ये त्यांनी स्वयंसेवकांची ‘धडक मोहीम’ सुरू केली. शिक्षणासाठी त्यांनी ‘शंभर दिवसांची शाळा’ चालवली. शहरातले स्वयंसेवक तुकड्या-तुकड्यांनी तिथं जाऊन मुलांना शिकवायचे. एक माणूस शंभर दिवस देऊ शकत नाही, पण आठ-दहा दिवस देणारी बरीच माणसं एकामागं एक उभी केली तर शंभर दिवस होतात. यातली मेख ‘एकामागं एक’ या शब्दांत आहे. मधली साखळी संस्था धरून ठेवते. ती नसेल तर दहा दिवसांत मुलांना लळा लावून आपण निघून जातो, आणि ‘दादा परत कधी येणार’ याचं उत्तर द्यायला बाई एकट्या उरतात.

तिथं गेल्यावर आणखी एक गोष्ट कळते. मूल ‘मठ्ठ’ नसतं, त्याची भाषा वेगळी असते. घरी कोरकू, शाळेत प्रमाण मराठी. आपल्याला नववीत अचानक जर्मनमधून भूगोल शिकवला असता तर आपणही वर्गात गप्पच बसलो असतो. म्हणून पुस्तकं द्यायची तर या मुलांना आपली वाटतील अशी द्या. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’वर कोरकू, पावरी अशा भाषांतल्याही चित्रगोष्टी आहेत. त्या मोफत आहेत आणि छापून वाटायलाही मोकळीक आहे. रंगीत प्रिंट काढून, पिना मारून, जाड कव्हर लावून दिल्या तरी मुलं फाटेपर्यंत वाचतात. थोड्या मोठ्यांसाठी ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक आहे, १९७१ पासून निघतंय. शाळेच्या नावानं वर्षाची वर्गणी भरली, तर दर महिन्याला शाळेत काहीतरी नवं येतं. ट्रेक एकदाच होतो.

आणि कृपा करून घरातली रद्दी ‘वाचनालयाला भेट’ म्हणून नेऊ नका. अभ्यासक्रम बदललेली गाइडं, अर्धवट सोडवलेले अपेक्षित प्रश्नसंच, स्पर्धा परीक्षांची जुनी वार्षिकं हे सगळं तिसरीतल्या मुलाच्या काय कामाचं? जे पुस्तक आपल्या घरातल्या लहान मुलाला वाढदिवसाला दिलं असतं, ते द्यायचं. कमी द्या. दहा चांगली पुस्तकं एका पोत्याला भारी आहेत.

ती पाठीवर वाहून न्यायचीही गरज नाही. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे, खास पुस्तकांसाठी. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वाढत वाढत पाच किलोपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा. जिथं टपाल पोचतं तिथं पुस्तक पोचतं, मग तिथं धबधबा असो वा नसो. जानेवारीतही पाठवता येतं.

जाणारच असाल तर निघण्याआधी पंधरा दिवस शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. आश्रमशाळा असेल तर प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागेल का, हे त्यांनाच विचारा. डहाणू आणि जव्हारला अशी कार्यालयं आहेत. सुरुवातीलाच ‘आम्ही काय आणू?’ असं विचारलं, तर संकोचानं ‘काहीही आणा’ असंच उत्तर येईल. त्यापेक्षा असं विचारा : पट किती, कुठल्या वर्गात किती मुलं, यंदा आत्तापर्यंत काय काय मिळालं, काय जास्त झालंय, आणि आम्ही आलोच नाही, नुसतं पाठवलं, तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर वाईट वाटून घेऊ नका, तसंच करा.

फोन परिपाठाच्या वेळी नको, आणि दुपारी पोषण आहार वाटप चालू असतानाही नको. मुलांची जेवणं होऊन ताटं धुतली गेली की बाईंना दहा मिनिटं मिळतात. रेंज असेल, तर तेव्हा लागतो.